एका अंड्याचा लिलाव

उपासना संपली. कापणीच्या सणाचं सगळं
अजून वेदीपुढेच आहे:
तुरीच्या शेंगा, भगर, तीन दुधी भोपळे,
आणि लाल मिरच्यांची परडी,
जिच्यामुळे पाळकसाहेब आशीर्वादाच्या मध्येच शिंकले
आणि पोरं आमेनच्या आधी हसली.

मी खजिनदार. माझ्यापुढे वही आणि पत्र्याची पेटी.
प्रभू, मला लांब प्रार्थना येत नाही.
एनोसभाऊ उभे राहिले की नवापूरपासून विसरवाडीपर्यंत
प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसून येतात,
सुरुवात मराठीत, आणि जिथे दुखतं
तिथून पुढे मावचीत.
मी दोन वाक्यांत खाली बसतो.
मला मोजता येतं. तेवढंच.

शेवटी एक अंडं उरलं.
सलोमीचं. सगळे तिला याहा म्हणतात.
एवढ्या वाटेवरून पदरात सांभाळून आणलं तिने,
आणि कोंबडीही मागोमाग आली,
दारातल्या चपलांमध्ये उभी आहे.

याकोब लिलाव पुकारतो. आठवडी बाजारात
बकऱ्या विकायचा त्याचा तोच आवाज.
वीस! शिक्षकांनी घेतलं, पैसे टाकले,
अंडं पुन्हा वेदीवर ठेवलं.
चाळीस! दाईबाईंनी घेतलं, परत ठेवलं.
आमच्याकडे असंच असतं.
एकच अंडं पुन्हा पुन्हा विकत घ्यायचं
आणि कुणी घरी न्यायचं नाही.

मग मागून रुबेन म्हणाला, शंभर.
खिडकीजवळून दाऊद म्हणाला, दीडशे.

सगळी मंडळी गप्प झाली.
सख्खे भाऊ. बांधावरच्या एका महूच्या झाडापायी
चार वर्षं एकमेकांशी शब्द नाही.
प्रभुभोजनाला एक उठला
की दुसरा चपला शोधायला जातो.
शंभर-दीडशे हे त्यांचं चार वर्षांतलं पहिलं बोलणं,
आणि तेही याकोबकडे बघून.

दोनशे.
अडीचशे.
रुबेनचा ट्रक रस्त्यावर उभा आहे, आज रात्री
बायको घेऊन तो ऊसतोडीला बारडोलीकडे निघणार.
तिला सहावा महिना.
तीनशे, तो म्हणाला, आणि आवाज फाटला.
तीनशे दहा, दाऊद म्हणाला, अगदी हळू,
जणू घरातल्या घरात काही मागतोय.

याकोबने तीन वेळा पुकारायचं, त्याने एकदाच पुकारलं.

दाऊदने अंडं उचललं. वेदीकडे परत ठेवलं नाही.
बायकांच्या सतरंजीपर्यंत चालत गेला
आणि रुबेनच्या बायकोच्या ओंजळीत ठेवलं.
काही बोलला नाही. तीही नाही.
रुबेन जमिनीकडे बघत होता,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं.
कुणी गाणंही सुरू केलं नाही.
एनोसभाऊ उठायला लागले, पाळकसाहेबांनी
त्यांचा सदरा धरून बसवलं.

दाऊदने माझ्यापुढे तीनशे दहा मोजले.
लोक पांगल्यावर रुबेन आला,
तीनशे ठेवले, नोटा घामाने ओल्या.
मी म्हणालो, अरे, तू हरलास, तुझे लागत नाहीत.
तो म्हणाला, बोललो होतो ना.
आणि गेला.

तर प्रभू, हिशेब असा आहे:
अंडं एक. रुपये सहाशे सत्तर.
जिंकला त्याचे आणि हरला त्याचेही.
मी दोनदा बेरीज केली. बरोबर येते
आणि तरी जुळत नाही.
मार्चमध्ये तपासनीस विचारतील, हे काय?
मी काय सांगू? महू अजून बांधावरच आहे.
झाड कुणाचं, तेही ठरलेलं नाही.

पुढच्या रविवारी निम्म्या सतरंज्या
उलगडायच्या नाहीत.
हजेरीत तेवीस नावांपुढे मी लिहीन, बाहेरगावी.
त्यांना तिथे रस गोड लागो.
कोयता हाताला न लागो.
तिचे महिने नीट भरोत.

ही चार वाक्यं झाली.
आज माझी जरा लांबलीच.

ट्रकचा आवाज गेला. मी पेटीला कुलूप लावलं.
दार लावायला गेलो तर
याहाची कोंबडी आत,
वेदीपुढे सांडलेली भगर टिपत होती.
तिचं होईपर्यंत मी उंबऱ्यावर बसलो.